जुबिली बिल्डिंगची खारी भिंत

४ नोव्हेंबर १९९५, उरण

बोलायला कोणी नाही म्हणून लिहितोय. वाशीच्या कॉलेजात सरांनी सगळ्या वर्गासमोर "हमालाचा मुलगा, डोकं कुठून आणणार" म्हटलं आणि मी त्यांची कॉलर धरली. प्रिन्सिपल म्हणाले, माफी लिहून दे, प्रकरण मिटवू. नाही दिली. सेकंड इयर तिथंच संपलं. आबा तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलतात. त्यांनी मला मारलं नाही. कोपरखैरण्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि दोन दिवसांनी मला मानसिंगमामाच्या हवाली केलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मामाचं इथं बाजारात सिमेंट-हार्डवेअरचं दुकान आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आरं, कालिज ऱ्हाऊ दे. गोण्या मोजता येत्यात न्हवं? मंग झालं तर."

दुकानासमोर एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली कमानी, पुढं लोखंडी खांब, वर चुन्यात उठवलेली इंग्रजी अक्षरं आणि १८८७ साल. लोक तिला जुबिली म्हणतात. एका कमानीखाली बाळाबाई नावाची म्हातारी सुकट विकायला बसते. दिवसभर तो वास नाकात. मामा रोज सकाळी जुबिलीकडे बघून हात जोडतो. मला वाटलं भक्ती. तर म्हणाला, "ही पडली आन् इथं टावर झाला की आपलं सोनं."

११ नोव्हेंबर

मामाचा काटा अडकायला लागला म्हणून जुबिलीत पाच नंबरच्या गाळ्यात घेऊन गेलो. तिथं दिनानाथकाका बसतात. तराजू, काटे, वजनं दुरुस्त करतात. आत सगळीकडे पारडी टांगलेली. काका आत होते. गल्ल्यावर त्यांची मुलगी.

"सिमेंटवाले ना?" काट्यावर वजन ठेवून बघत ती म्हणाली. "तुमच्या काट्याला नाही, तुमच्या मामांना दुरुस्तीची गरज आहे. अर्धा किलो जास्त दाखवतोय."

मी म्हटलं, "आमचा माल गोणीनं जातो. खिळे तेवढे काट्यावर."

"मग खिळे कमी जातात."

असलं कोणी माझ्याशी बोललं असतं तर डोकं सटकलं असतं. हसलो. नाव मनाली.

३ डिसेंबर

गेले तीन रविवार पाच नंबरमध्येच. मामाला सांगतो काटा परत बिघडला. मामा म्हणतो, "काटा बिघडला का तू बिघडलास?"

आज काकांनी जुबिलीची सगळी कथा सांगितली. मला इतिहासाचा कंटाळा. पण मनाली समोर बसून वजनांना पॉलिश करत होती, म्हणून शेवटपर्यंत ऐकली.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली एका मीठवाल्या शेटनं ही बांधली. लोखंडी खांब विलायतेहून आले, मुंबईहून गलबतानं मोऱ्याच्या बंदरात. एक खांब उतरवताना चिखलात गेला, तो ओहोटीला बैल लावून काढला. तोच पाच नंबरच्या दारातला, जरासा तिरपा आहे. खाली सगळी मिठाची वखार. मिठागरांतलं मीठ होडीनं यायचं आणि इथं छतापर्यंत ढीग लागायचे. वर पेढ्या, गाद्या-तक्के, मुंबईचे दलाल. आता सौदा असा की विकणाऱ्याचा घेणाऱ्याच्या काट्यावर विश्वास नाही आणि घेणाऱ्याचा विकणाऱ्याच्या काट्यावर नाही. म्हणून शेटनं काकांच्या आजोबांना कोपऱ्यातली जागा दिली, की तिसऱ्याच्या काट्यावर तोलायचं. "आमच्या पारड्यात पडल्याशिवाय उरणचं मीठ बाहेर गेलं नाही," काका म्हणाले. हे सांगताना ते पाठ ताठ करून बसले होते.

पुढं मीठ उठलं. लढाईत सरकारनं धान्य साठवलं, मग वखारीचे गाळे पाडले, शिंपी आले, घड्याळवाला आला. मिठागरं बंदराच्या प्रोजेक्टमध्ये गेली. "पण भिंतींनी मीठ सोडलेलं नाही," काका म्हणाले.

ते आत गेल्यावर मनाली म्हणाली, "चाटून बघ."

"काय?"

"भिंत. आम्ही लहानपणी चाटायचो. पैज?"

चाटली. खारट! ती इतकी हसली की बाळाबाई बाहेरून ओरडली, "काय गो, कोन मेला का काय!"

या पोरीसाठी मी अख्खी बिल्डिंग चाटेन.

१७ डिसेंबर

मनालीनं सांगितलं. दर दिवाळीच्या आधी जुबिलीतले सगळे गाळेवाले मिळून आपापल्या भिंती खरवडतात. वर फुलून आलेलं मीठ टोपल्यांत झाडून घेतात, मिरवत नेऊन खाडीत सोडतात. त्याला 'मीठ परत करणं' म्हणतात. मग भिंतीला नवा चुना. काकांच्या आजोबांपासून चालू आहे. यंदा काका शिडीवरून खरवडत होते, धूळ छातीत गेली आणि आठ दिवस खोकत पडले.

"आईला फार भीती वाटते त्यांच्या छातीची," ती म्हणाली.

विसाव्या शतकात माणसं भिंती खरवडतायत! समोर सिमेंटचं दुकान आहे आणि हे चुना फासतायत. काहीतरी केलं पाहिजे.

२१ जानेवारी १९९६

काका आणि जयमालाकाकू पेणला लग्नाला गेलेत, गुरुवारी येणार. मनाली एकटी दुकान बघते. संधी हीच.

मामाच्या गोदामात फुटलेल्या गोण्या पडून होत्या. त्या मागून घेतल्या. मामा म्हणाला, "कशाला रं?" म्हटलं, एका ठिकाणी कोबा करायचाय. ज्ञानू गवंडी आमच्याकडचाच, कोरेगावचा, नवीनच आलाय, त्याला पटवला. रेती मी स्वतः मागच्या दारानं वाहिली, मामाला आणि बाजाराला दिसू नये म्हणून. पाठीवर घेतली की ओझं कुठं ठेवायचं ते आबांनी शिकवलंय. मनाली दारात उभी.

"बाबांना विचारायला हवं होतं रे."

"सरप्राइज आहे."

"त्यांना सरप्राइज आवडत नाहीत."

"हे आवडेल. परत कधी खरवडायला लागणार नाही."

तिनं ओढणी तोंडाला धरली. मग पाणी आणून दिलं. ज्ञानूला आधी आणि मला नंतर, पण मला देताना हात थांबला.

२५ जानेवारी

झालं! तिन्ही भिंती, खालपासून वरपर्यंत, काचेसारख्या. कॉलेज अर्धं, एनसीसी अर्धी, टायपिंगचा क्लास अर्धा. हे मात्र पुरं केलं.

काका दुपारी आले. चप्पल काढली, आत आले, थांबले. भिंतीवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"गुळगुळीत झालंय," म्हणाले. मग, "आधी खरवडलं होतंस?"

"खरवडलं काय, तासून काढलं. आता तुम्हाला शिडीवर चढायची गरजच नाही, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या केसांत सगळं सिमेंट. "तू केलंस? स्वतः?"

"स्वतः."

"छान केलंस," म्हणाले आणि माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. मला एकदम आबांची आठवण आली. आबांनी असं कधी झटकलं नाही.

नंतर आतल्या बाजूनं काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला सांगायला नको का?" काका म्हणाले, "नको. आता झालं ते झालं."

माझ्या-मनालीबद्दलच बोलत असणार. काकूंना लग्नाची बोलणी करायची घाई, काका म्हणतायत जरा थांबू. माझी थांबायची तयारी आहे.

९ मार्च

जुबिलीच्या मालकांना, ते मुंबईला असतात, इमारत एका बिल्डरला द्यायची आहे. गाळेवाल्यांनी गेल्या वर्षीच कोर्टातून स्टे आणलाय. इमारत मजबूत आहे तोवर कोणाला काढता येणार नाही, आणि गाळेवाल्यांनीही बांधकामाला हात लावायचा नाही, असा काहीतरी. काका म्हणाले, "माझा परवाना या पत्त्यावर आहे. वजनांवर मोहर मारायचा अधिकार या जागेला आहे, मला नाही. जागा गेली की मी नुसता म्हातारा."

मी म्हटलं, "कोण काढतो बघू."

बिल्डरचा माणूस येऊन जातो. काळा चष्मा, हातात चाव्या फिरवत. आज मनालीच्या दुकानासमोर उभा होता. मी मुद्दाम त्याच्या अंगावरून हातगाडी नेली.

१४ जुलै

आज भांडण. म्हणजे मीच केलं.

काका सकाळी खाली बसून छिन्नीनं माझ्या भिंतीला बुडाशी भोकं पाडत होते. एक नाही, ओळीनं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "थोडं वारं लागू दे."

भिंतीला वारं? सहा महिने कोणाला हात लावू दिला नाही मी त्या भिंतीला. मनाली खिळा ठोकायला लागली तर तिला ओरडलो होतो. संध्याकाळी काका गेल्यावर सिमेंट कालवून सगळी भोकं बुजवून टाकली.

मनालीनं पाहिलं. "तू का हात लावलास?"

"माझं काम आहे ते."

"दुकान बाबांचं आहे, उदय."

"मग मला सांगायचं ना, की आवडलं नाही!"

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात काका छत्री विसरली म्हणून परत आले. त्यांनी बुजवलेली भोकं पाहिली, छत्री घेतली आणि म्हणाले, "जेवून जा रे."

२७ ऑक्टोबर

जुबिलीत मीठ परत करायचा दिवस. सगळे गाळेवाले खरवडतायत, पोरं टोपल्या घेऊन उभी. पाच नंबरला काम नाही. काका बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, "बघा, आराम आहे की नाही?" ते हसले. घड्याळवाल्यानं विचारलं, "काटेवाले, तुमची टोपली?" काका म्हणाले, "यंदा आमच्याकडे नाही."

बाळाबाई मला म्हणाली, "पोरा, भिंतीवर कान ठेव. बोलते ती."

ठेवला. बोटानं वाजवलं तर आतून ढब ढब येतं. उंदरांनी पोखरली असेल. म्हातारी म्हणाली, "उंदीर नाय रं. भूक लागलीय तिला. तोंड बांधलास तिचं." हिला काही कामधंदा नाही.

४ नोव्हेंबर

भिंत गेली.

दुपारी जेवायची वेळ होती म्हणून कोणी आत नव्हतं. आधी प्लास्टरला पोट आलं आणि मग अख्खा पापुद्रा खाली आला. नुसतं प्लास्टर नाही, विटांची तोंडंही घेऊन. आत विटा रव्यासारख्या झालेल्या. हात लावला की झरतात. त्या तिरप्या खांबावरची तुळई खाली बसलीय आणि वरच्या मजल्यावर दरवाजे लागत नाहीत.

हे आपोआप होत नाही. मी स्वतः केलेलं काम आहे. बिल्डरच्या माणसानं मागून पाणी सोडलं असणार, नाहीतर पहार घातली असणार. तो नेमका अर्ध्या तासात कॅमेरा घेऊन हजर! मी त्याला भर बाजारात धरला. चष्मा फुटला, माझा ओठ फुटला. चौकीत बसवलं. मामा येऊन सोडवून घेऊन गेला. रस्त्यात म्हणाला, "तुज्या आबाला काय सांगू? हितं बी तेच केलंस?"

बाजारात आज दिवाळीची गर्दी. कंदील लागलेत.

१९ नोव्हेंबर

नगरपालिकेचे इंजिनिअर आले. सगळे गाळेवाले जमलेले. इंजिनिअरनं तुकडा उचलला, वास घेतला, फोडला. "सिमेंट? या भिंतीला? कोणी केलं हे?"

मी पुढं झालो. म्हणणार होतो, मी केलं आणि मजबूत केलं, पाडलं दुसऱ्यानं. तेवढ्यात काका मोठ्यानं म्हणाले, "मी करून घेतलं. माझ्या छातीला धूळ सोसत नाही, म्हणून."

"कोर्टाचा स्टे असताना?"

"हो. माझी चूक."

मी म्हटलं, "काका, अहो—" तर त्यांनी माझा दंड इतका जोरात धरला की अजून लाल आहे. "तू मामांकडे जा. गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणाले.

खरं लिहितो, मला राग आला. वर्षभर माझं काम म्हणून कौतुक आणि चार माणसांत सांगायची वेळ आली तर "मी करून घेतलं"? माझं नाव घ्यायला काय झालं होतं? आणि चूक कसली? माझ्या कामाला चूक म्हणायचा अधिकार यांना कोणी दिला?

मनालीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

३० नोव्हेंबर

नोटीस लागली. जुबिली धोकादायक, सगळी रिकामी करायची. स्टे गेला. घड्याळवाला काकांच्या तोंडावर म्हणाला, "शंभर वर्षं उभी होती. तुमच्या एका छातीपायी सतरा चुली विझल्या." शिंपी दुकानासमोर थुंकला. मी धावून गेलो तर काकाच मध्ये आले.

मी गेले दहा दिवस पाच नंबरला गेलो नव्हतो. राग होता ना. आज गेलो तर काका पारडी उतरवून गोणपाटात बांधत होते. मनाली म्हणाली, "आज नको, उदय." मी म्हटलं, "कधी येऊ?" ती म्हणाली, "आज नको म्हटलं ना."

१८ जानेवारी १९९७

जुबिली पाडायला लागले. वरून कौलं, मग वासे. सागवानाला गिऱ्हाईक आधीच आलेलं. १८८७ची अक्षरं खाली आली तेव्हा कोणी बघायलाही थांबलं नाही, मासळी आली होती. लोखंडी खांब भंगारवाला घेऊन गेला. बाळाबाई समोरच्या फूटपाथवर बसते. माझ्याकडे बघत नाही, मामाच्या पायरीवर टोपली टेकवते.

काका, काकू, मनाली तुर्भ्याजवळ शिरवण्याला एका खोलीत गेलेत. काका एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीच्या गेटवर, ट्रकच्या काट्यावर पावत्या फाडतात. तिथं वजन मशीनच सांगतं.

मामा टॉवरच्या मालाचं कोटेशन घेऊन बिल्डरकडे जाऊन आला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. मामा हसला, मीही हसलो. दोघांनाही हसू येत नव्हतं.

९ फेब्रुवारी

मोऱ्याहून एक म्हातारा आला. म्हणाला, घराला ओल येते, सिमेंट द्या, आतून प्लास्टर मारतो.

मामानं विचारलं, "घर कसलं?"

"पूर्वी मिठाची कोठी होती."

"मंग न्या चुना. सिमेंट देत न्हाय."

"पैसे रोख देतो."

"पैशाचं न्हाय, दादा. खारी भिंत हाय. सिमेंटानं तोंड बंद केलं की मीठ आतल्या आत फुगतं, विटा खातं. वर्षात भिंत बसंल आन् तुम्ही माज्या नावानं ओरडाल."

म्हातारा गेला. माझ्या हातात दोऱ्याचा गुंडाळा होता, तो तसाच राहिला.

"मामा, हे तुला कधीपासून माहीत?"

"आरं, हितं आल्यावर पैल्या वर्षी मार खाल्ला की. उरणात शेंबड्या पोराला म्हाईत हाय." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "ह्ये इचारतोस का? दिनानाथनं कुठनं सिमेंट आणलं, तेच मला कळंना. आपल्याकडनं तर न्हेलं न्हवतं—"

आणि थांबला. फुटलेल्या गोण्या आठवल्या असाव्यात. खाली बसला.

"आरं देवा. पोरा."

मला काय काय आठवलं ते लिहू शकत नाही. भिंतीवरचा तळवा. छिन्नी. माझा दंड.

१६ फेब्रुवारी

शिरवण्याला गेलो. मनाली गल्लीच्या नळावर होती. मला पाहून हंडा खाली ठेवला. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"कोणी सांगितलं?"

"मामानं. म्हणजे, सहज. तुला माहीत होतं?"

"तू ज्ञानूला आणलास तेव्हा नक्की माहीत नव्हतं. बाबा आल्यावर कळलं."

"मग सांगितलं का नाहीस? शिव्या द्यायच्या, हाकलून द्यायचं मला!"

"आई रोज म्हणायची, सांगा त्याला, उकरून काढू. बाबा म्हणायचे, उकरलं तर अर्धी भिंत बरोबर येईल, आता जेवढी टिकेल तेवढी टिकेल. आणि म्हणायचे, पोरानं आयुष्यात पहिल्यांदा एक काम पुरं केलंय. ते चुकलं म्हणून मी सांगायचं?" ती पाण्याकडे बघत बोलत होती. "मी तुला एकदा सांगणार होते. जुलैत. नाही सांगितलं. तेही आहेच."

"मी आत जाऊन त्यांचे पाय धरतो. पुन्हा उरणला जाऊन सगळ्यांना सांगतो, मी केलं म्हणून. लिहून देतो."

"नाही." तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. "तुला कळलंय हे बाबांना कळू द्यायचं नाही."

"का पण?"

"दुकान गेलं, परवाना गेला, बाजारात तोंड दाखवायची सोय गेली. तुझ्या अंगावर यायला नको म्हणून त्यांनी सगळं घेतलं. आता तू जाऊन रडलास, तर उरलं काय त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, "आणि आपलं?"

तिनं हंडा उचलून कमरेवर घेतला. "बाबांना भेटायला येत जा. त्यांना बरं वाटतं. माझ्यासाठी येऊ नकोस. मी तुझ्याकडे बघितलं की मला ती भिंत दिसते, उदय. मी खूप प्रयत्न केला."

तिच्या मागून आत गेलो. एका बाजूला स्टोव्ह, एका बाजूला कॉट. काका ड्युटीवरून नुकतेच आलेले, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. तो त्यांना शोभत नव्हता. मला बघून उठले. "अरे! किती दिवसांनी! बस, बस. आबा कसे आहेत?"

शेजारचे कोणी गृहस्थ पेपर वाचत बसले होते. काका त्यांना म्हणाले, "हा आमचा उदय. उरणला आमच्या दुकानाचं प्लास्टर यानं केलं होतं, स्वतःच्या हातानं. काय सुंदर केलं होतं! आरशासारखं."

काकू स्टोव्हपाशी पाठमोऱ्या होत्या. मनाली दारात.

गृहस्थ म्हणाले, "असं? गवंडीकाम शिकलायस?"

एवढे दिवस जे तोंडात आलं ते बोललो, कोणाचं ऐकलं नाही. काका माझ्याकडे बघत होते, हसऱ्या तोंडानं, पण पापणी हलत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "असंच. हौस होती."

काकांनी श्वास सोडला. "चहा टाक गं मनाली," म्हणाले. "याला साखर जास्त लागते."